डिझाइनच्या विद्यार्थ्याने हाताने रेखाटन शिकण्यात इतके तास घालवावेत का?

पालक, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रवेश घेतल्यापासून आठवड्यातील दोन पूर्ण दिवस हाताने रेखाटन करण्यात जातात आणि त्याशिवाय रोज दहा रेखाचित्रे वहीत काढून न्यावी लागतात. गेल्या महिन्यात वर्गात एक पितळी तांब्या समोर ठेवून तो काढायला सांगितला होता. मुलीचे चित्र तीन वेळा परत आले. चौथ्यांदा काढायला बसण्यापूर्वी तिने वसतिगृहातून फोन केला आणि रडत म्हणाली, "बाबा, मला तांब्या काढायचा नाही, मला घरे करायची आहेत."

तिचे दुःख मला समजते, कारण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांत तिला अ श्रेणी मिळाली होती आणि चित्रकला हा आपला हातखंडा विषय आहे, असे ती आजवर धरून चालली होती. आता शिक्षक सांगतात की तो हात विसरा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. तिचा मावसभाऊ मुंबईतील एका मोठ्या कार्यालयात काम करतो. त्याच्या सांगण्यानुसार तेथे ऑटोकॅड, स्केचअप ही संगणकी साधने आणि रेंडर, म्हणजे फोटोसारखी संगणकी चित्रे, यांवरच सगळा दिवस जातो, पेन्सिल कोणाच्या हातात दिसत नाही, आणि अलीकडे तर चार ओळी लिहून दिल्या की अर्ध्या मिनिटात दिवाणखान्याची दहा चित्रे संगणक तयार करून देतो.

मी स्वतः अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे व हत्यारे घडवणाऱ्या विभागात, 26 वर्षे काम केले आहे. आम्ही सुरुवातीला अमोनिया प्रिंटवरची, म्हणजे हाताने काढलेल्या आराखड्याच्या छापील प्रतीवरची, ड्रॉइंग वाचून काम करत असू. पुढे ड्रॉइंग बोर्ड गेले, संगणक आले, मापांच्या चुका कमी झाल्या आणि जुन्या पद्धतीसाठी कोणी हळहळले नाही. म्हणून मला प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते की हाताने रेखाटन ही खरोखरच या शिक्षणाची गरज आहे, की शिकवणाऱ्यांना स्वतः जसे शिकवले गेले तसेच ते पुढे चालवत आहेत? टॅबलेटवर काढले तर तेवढाच लाभ होतो का, हेही जाणकारांनी सांगावे. मुलीला काय सांगायचे ते मला ठरवायचे आहे, आणि ज्यावर माझाच विश्वास नाही ते तिला सांगण्याची माझी इच्छा नाही.

ओळंबा

आपला प्रश्न रास्त आहे. मी ठाण्यात 22 वर्षे घरांच्या अंतर्गत रचनेचे काम करतो. त्या अनुभवातून पहिली गोष्ट सांगतो ती अशी, की टूलरूममधून जे गेले आणि मुलीच्या वर्गात जे शिकवले जात आहे, ती दोन वेगळी कामे आहेत. ड्राफ्ट्समन बोर्डावर जे काढत असे ते आधीच ठरलेल्या वस्तूचे नेमके चित्र होते. ते काम संगणक अधिक चांगले करतो आणि ते त्याच्याकडे गेले हे योग्यच झाले. मीही टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेनावर शिकलो, पण आज माझ्या कार्यालयात दोन्ही वस्तू नाहीत. मुलगी जे शिकत आहे ते वस्तू ठरण्याच्या आधीचे रेखाटन आहे, आणि ते माझ्या कामातून एक दिवसही गेलेले नाही.

तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. डोंबिवलीतील एका सदनिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट करायचे होते. माझ्याकडील एका हुशार मुलीने त्याचे सुरेख त्रिमितीय मॉडेल तयार केले, ग्राहकाने ते पसंत केले आणि सुताराने 18 मिलिमीटरच्या प्लायवूडमधून सांगाडाही उभा केला. सगळ्यात खालचा खण ओढला, तेव्हा तो चार बोटे बाहेर येऊन अडला. दाराच्या चौकटीवरची पट्टी भिंतीच्या रेषेपेक्षा पुढे आलेली होती आणि मॉडेलमध्ये ती कोणी दाखवलीच नव्हती. मुलगी म्हणाली की सुधारित चित्र संध्याकाळपर्यंत पाठवते. तीन कारागिरांचा दिवस वाया जाणार होता.

मी सुताराच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि उरलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर तो कोपरा वरून पाहिल्याप्रमाणे पूर्ण मापात काढला. आधी भिंत, मग चौकट, मग पट्टी, मग खणाची बाजू, अशा सहा-सात रेषा झाल्या. सुतार उकिडवा बसून पाहत होता. त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, खण आणि भिंत यांच्यामध्ये दोन इंचांची फिलर पट्टी काढली आणि म्हणाला, "साहेब, इथे एवढे सोडले की दार पूर्ण उघडल्यावर कडीही लागणार नाही." कडीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो त्याला सुचला, कारण समोर जे चित्र होते ते अजून पुरे झालेले नव्हते आणि त्याच्या हातात तीच पेन्सिल होती. चकचकीत रेंडरवर आजवर एकाही कारागिराने रेष ओढलेली मी पाहिली नाही.

ग्राहकाच्या बाबतीतही हेच होते. पहिल्याच भेटीत रेंडर समोर ठेवले तर चर्चा सोफ्याच्या रंगावर जाते आणि स्वयंपाकघराचे दार कोणत्या बाजूला उघडावे हा खरा प्रश्न तसाच राहून जातो. बटर पेपरवरचे रेखाटन दाखवले की आजी-आजोबासुद्धा बोलू लागतात, कारण त्यांना दिसते की अजून बदलता येण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या भाच्याच्या कार्यालयात पेन्सिल दिसत नसेल, पण तेथे जो मुख्य आर्किटेक्ट असेल त्याच्या टेबलावर एकदा नजर टाकायला त्याला सांगा.

कोरा कागद

मी डिझाइनच्या पायाभूत वर्षाला रेखाटन शिकवते, त्यामुळे माझा कल कोणीकडे असणार हे उघड आहे. तरीही आपल्या प्रश्नातील जो भाग शिक्षकांना टोचणारा आहे त्यापासून सुरुवात करते, कारण त्यात तथ्य आहे.

आपल्याकडे चित्रकलेच्या शिक्षणात नुसत्या परंपरेने चालत आलेला भाग मोठा आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाले, आणि त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे ठरावीक नमुने आणि प्लास्टरचे साचे समोर ठेवून त्यांची हुबेहूब नक्कल करण्यावर तेथील शिक्षणाचा भर होता. शाळेच्या ग्रेड परीक्षांमध्ये त्या वळणाची खूण अजून दिसते. संकल्पचित्रात वर्तुळाचे समान भाग करून त्यांत पाने-फुले भरायची आणि सपाट रंग कडेबाहेर जाऊ द्यायचा नाही, स्मरणचित्रात क्लासमध्ये पाठ करून घेतलेला फुगेवाला, पाठमोरी बाई आणि झाड नेमलेल्या जागी बसवायचे, असा सराव मुले वर्षभर करतात. यातून हात स्वच्छ होतो आणि चिकाटी येते, त्याला मी कमी लेखत नाही. मात्र समोरच्या वस्तूकडे एकदाही न पाहता अ श्रेणी मिळवता येते, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांमध्ये पाहते. मुलीच्या शिक्षकांनी "तो हात विसरा" असे म्हटले ते बहुधा यामुळेच. शब्द थोडे मऊ वापरता आले असते, असे मला वाटते.

आता तांब्याविषयी. तो मीही वर्गात ठेवते, आणि तो परत का येतो हे सविस्तर सांगितले तर आपल्याला मुलीशी बोलणे सोपे जाईल.

तांब्या टेबलावर असतो आणि विद्यार्थी स्टुलावर बसून त्याच्याकडे किंचित वरून पाहत असतो. तांब्याचा काठ नजरेच्या पातळीच्या थोडाच खाली असल्यामुळे तो अरुंद लंबवर्तुळासारखा दिसतो. पोटाचा घेर आणखी खाली असतो, बूड सर्वांत खाली. जसजसे खाली जावे तसतसे ते लंबवर्तुळ अधिक फुगीर दिसले पाहिजे, म्हणजेच बुडाची समोरची कड काठापेक्षा जास्त गोलाईने खाली आली पाहिजे. जवळपास प्रत्येक नवा विद्यार्थी नेमके उलटे काढतो. काठ गोल असतो हे त्याला ठाऊक असते म्हणून तो काठ जवळजवळ पूर्ण गोल काढतो, आणि तांब्या सपाट टेबलावर ठेवलेला आहे हे ठाऊक असते म्हणून बूड सरळ रेषेने कापून टाकतो. त्यामुळे तांब्या वरून आणि समोरून एकाच वेळी पाहिल्यासारखा दिसतो. लंबवर्तुळाची दोन्ही टोके बदामासारखी अणकुचीदार होतात, ती आणखी एक नेहमीची चूक.

ही चूक हाताची नाही. डोळ्यासमोर एक गोष्ट असताना मन आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली दुसरीच गोष्ट कागदावर उतरवत असते. म्हणून मी विद्यार्थ्याला हात पूर्ण लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायला लावते, काठाची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायला लावते, आणि तांब्याऐवजी तांब्याचा गळा व खिडकीची चौकट यांच्यामधली रिकामी जागा काढायला सांगते. त्या रिकाम्या जागेचा आकार कोणालाच आधीपासून ठाऊक नसतो, त्यामुळे तेथे नाइलाजाने पाहावे लागते. साधारण पाचव्या-सहाव्या प्रयत्नात चित्र एकदम बदलते, आणि त्या दिवशी विद्यार्थी स्वतःहून मागची चित्रे काढून पाहू लागतो.

"मला घरे करायची आहेत" या मुलीच्या वाक्याचे उत्तर याच तांब्यात आहे. नजरेची पातळी कोठे आहे हे ज्याला सतत जाणवते, त्याला खोलीत बसलेल्या माणसाला काय दिसेल हेही जाणवते. जमिनीवर बैठक घातली तर बसलेल्या माणसाची नजर पाऊण मीटरच्या आसपास येते. खिडकीचा कट्टा नेहमीप्रमाणे तीन फुटांवर ठेवला, तर त्या माणसाला बाहेरचे झाड दिसणार नाही, फक्त आकाशाचा तुकडा दिसेल. आराखडा आणि मॉडेल यांत ही गोष्ट असतेच, परंतु संगणकावर आपण खोली बहुतेक वेळा छताच्याही वरून, घिरट्या घालत पाहतो, आणि तेथून घर पाहणारा माणूस त्या घरात राहणार नसतो.

रेखाटनाच्या दुसऱ्या उपयोगावर थोडे संशोधनही झाले आहे. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वर्स्की यांनी 1997 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात अनुभवी आर्किटेक्ट आणि विद्यार्थी यांना एका कलासंग्रहालयाची रचना हाताने रेखाटत करायला सांगितली आणि नंतर त्यांच्या रेखाटनाची चित्रफीत त्यांनाच दाखवून प्रत्येक क्षणी मनात काय चालले होते ते विचारले. त्यातून पुढे आलेली गोष्ट स्टुडिओत बसणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. रेखाटणारा माणूस डोक्यातले कागदावर उतरवून थांबत नाही, कागदावर उतरलेल्या रेषांत त्याला स्वतः न योजलेले संबंध दिसतात आणि त्यातून पुढचा विचार सुचतो. अनुभवी माणसे अशा आकारांतून लोकांची ये-जा, प्रकाश यांसारख्या न काढलेल्या गोष्टीही वाचू शकत होती. हे वाचन सरावाने येते, आणि तो सराव स्वतःच्या रेषांवरच करावा लागतो.

परंपरेचा विषय निघाला आहे म्हणून एक उल्लेख करते. त्याच जे. जे.मधील विद्यार्थ्यांना घेऊन तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून अजिंठ्याला जाऊ लागले आणि पुढची अनेक वर्षे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती 1885 मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. तीही नक्कलच होती, पण साच्याची नक्कल आणि ही नक्कल यांत मोठे अंतर आहे. अंधाऱ्या लेण्यात पोपडे सुटलेल्या भिंतीसमोर तासन्‌तास उभे राहून मूळ रेष कोठून निघाली आणि कोठे वळली याचा शोध त्यांना घ्यावा लागला. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांपैकीच होते. आपल्याला शिक्षणात यांपैकी कोणती नक्कल हवी आहे, हा वाद आजही वर्गावर्गात चालू आहे आणि तो चालू राहावा असे मला वाटते.

मॉडेलमेकर

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले. तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी बंगळुरूत घरगुती उपकरणांची रचना करतो. माझे रेखाटन आजही सामान्य आहे, आणि शिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांत त्यावरून माझी जी किंमत केली गेली त्याचे ओझे मी बराच काळ वाहिले.

मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलो. आमच्या शाळेला चित्रकलेचे शिक्षक नव्हते. शहरातील मुले बारावीपासून प्रवेश परीक्षांच्या क्लासला जाऊन छायांकन, मार्करचे फटकारे, वेगाच्या रेषा हे सर्व घोटून आलेली होती. आयआयटी मुंबईमार्फत घेतल्या जाणाऱ्या यूसीडसारख्या डिझाइन प्रवेश परीक्षेत आजही हाताने काढण्याचा प्रश्न असतो, तो असण्यास माझा विरोध नाही. विरोध याला आहे, की छान दिसणारे चित्र म्हणजे चांगला विचार असे समीकरण ज्यूरीत, म्हणजे कामाच्या परीक्षणात, नकळत मांडले जाते. माझा विचार बरा होता, हे तिसऱ्या वर्षी मी फोम आणि पुठ्ठा हातात घेतला तेव्हा इतरांना आणि मला एकाच वेळी कळले.

कुकरच्या मुठीचे उदाहरण घ्या. मूठ तळहातात कशी बसते, ओल्या हाताने धरली तर निसटते का, झाकण लावताना अंगठा कोठे येतो, या गोष्टी कितीही सुंदर रेखाटनातून समजत नाहीत. आम्ही फोमच्या मुठी कानशीने घासून करतो आणि वेगवेगळ्या वयाच्या बायका-पुरुषांच्या हातात देतो. एका मुठीसाठी चाळीस नमुने केले होते, त्यांतील बहुतेकांचे चित्र कधीच निघाले नाही.

संशोधनाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की त्याच विषयावर 2006 मध्ये बिल्डा, गेरो आणि पर्सेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अनुभवी आर्किटेक्टना एकदा नेहमीप्रमाणे रेखाटत आणि एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून, केवळ मनात रचना करायला लावली. दोन्ही रचनांच्या दर्जात लक्षणीय फरक आढळला नाही. मग रेखाटनाशिवाय विचारच होत नाही, असे म्हणण्याला आधार कोठे राहिला?

आपल्या मुलीला माझा निरोप सांगा की तांब्या साधला नाही म्हणून घरे करता येणार नाहीत, असे मुळीच नाही.

कोरा कागद

मॉडेलमेकर यांनी जे सोसले ते मी अनेक विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत मी स्वतः घाईने गुण दिलेले आहेत. गेली काही वर्षे मी पहिल्या सत्रात सुबकपणाला गुण देत नाही. पहिले आणि विसावे चित्र शेजारी ठेवून पाहण्यात किती फरक पडला तेवढेच तपासते. खेड्यातून आलेली मुले या मोजमापात मागे राहत नाहीत, पुष्कळदा पुढेच असतात, कारण त्यांना घोटलेल्या क्लृप्त्या विसराव्या लागत नाहीत.

2006 च्या अभ्यासाविषयी मात्र एक गोष्ट जोडते. डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती माणसे अनुभवी आर्किटेक्ट होती. त्यांनी अनेक वर्षे रेखाटल्यानंतर त्यांच्या मनात कागद तयार झालेला होता. ज्येष्ठ गवई तानपुरा नसतानाही सुरात गातो, त्यावरून नव्या शिष्याच्या हातातला तानपुरा कोणी काढून घेत नाही. मनात रचना पेलण्याची ती ताकद येते कशी, याचे उत्तर तो अभ्यास देत नाही, आणि माझे विद्यार्थी अजून ती ताकद येण्याआधीच्या टप्प्यावर आहेत.

मुठीबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. हातात धरायची वस्तू हातानेच तपासली पाहिजे, आणि पहिल्या वर्षातच फोम व माती यांना रेखाटनाइतका वेळ मिळायला हवा. आपण चाळीस मुठी घासल्या, त्याही एका अर्थाने रेखाटनेच होती असे मी म्हणेन, कारण प्रत्येक मूठ आधीच्या मुठीकडे पाहून ठरली असणार.

बोरू

टॅबलेटच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे, म्हणून तेवढेच लिहितो. मी देवनागरी अक्षरांची रचना करतो. माझे अंतिम काम संगणकावरच होते आणि टॅबलेट मी रोज वापरतो, तेव्हा त्याविषयी माझा आकस नाही.

आपण सर्व जण विंडोजवर वर्षानुवर्षे ज्या मंगल टंकात मराठी वाचत आलो तो र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मुळात बोरू आणि कुंचला चालवणारे सुलेखनकार होते आणि पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. पडद्यावरच्या त्या अक्षरामागे कागदावर लिहिणारा हात होता. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमनच्या उलट बाजूला तिरपे कापतात, त्यामुळे रेष कोठे जाड होईल आणि कोठे बारीक, हे लेखणीच्या कोनावरून आपोआप ठरते. मी शिकाऊ मुलांना आधी आठ दिवस बोरूने केवळ "अ" आणि "ळ" लिहायला लावतो. ज्यांनी ते केलेले नसते ती मुले संगणकावर जाडी अंदाजाने देतात, आणि अक्षराच्या कोणत्या तरी वळणावर ती चुकीच्या बाजूला गेलेली असते. आपले काय चुकले हे त्यांना दिसते, पण का चुकले ते सांगता येत नाही.

टॅबलेटवर दोन सोयी अशा आहेत ज्या शिकण्याच्या काळात आड येतात. पहिली, मागे जाण्याचे बटण. कागदावर चुकलेली रेष तशीच राहते आणि तिच्या शेजारी बरोबर रेष काढावी लागते, त्यामुळे दोन्हींमधले अंतर डोळ्यांसमोर राहते. टॅबलेटवर चूक नाहीशी होते आणि तीच चूक पुन्हा होते. दुसरी सोय चित्र मोठे करून पाहण्याची. विद्यार्थी गळा मोठा करून सुरेख काढतो, काठ मोठा करून सुरेख काढतो, आणि पूर्ण तांब्या पाहिला की प्रमाण बिघडलेले असते. ए३ आकाराच्या कागदाला कडा असतात आणि हात खांद्यापासून फिरतो, म्हणून संपूर्ण वस्तू सतत नजरेत राहते. पहिले वर्ष कागदावर काढावे आणि मग टॅबलेट घ्यावा, असा माझा सल्ला आहे. ज्यांना टॅबलेटच वापरायचा आहे त्यांनी निदान या दोन सोयी टाळून पाहाव्यात.

खर्चही कमी आहे. एक 2बी आणि एक 4बी पेन्सिल, रद्दीत न टाकता ठेवलेले पाठकोरे कागद, एवढ्यावर वर्ष निघते.

पालक, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद मुलीला पाठवले होते. गेल्या शनिवार-रविवारी ती घरी आली तेव्हा झालेली गोष्ट येथे लिहिणे उचित वाटते.

तिला घरातील स्वयंपाकघराचे मोजमाप घेऊन हाताने उभा छेद, म्हणजे खोली उभी कापून बाजूने पाहिल्यासारखे चित्र, काढून आणायचा होता. स्टीलचा टेप मी धरला, ती आकडे लिहीत गेली. ओट्याची उंची 33 इंच, भिंतीवरची फळी ओट्यापासून 22 इंच वर, दिव्याची नळी समोरच्या भिंतीवर, म्हणजे ओट्याकडे तोंड करून उभे राहिले की पाठीमागे. मग तिने ओट्याशी उभी असलेली तिची आई रेषांनी काढली आणि उजेड कसा येतो ते दाखवायला नळीपासून ओट्यापर्यंत एक सरळ रेष ओढली. ती रेष आईच्या डोक्यातून आणि खांद्यातून जात होती. मुलगी थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई रोज स्वतःच्या सावलीत भाजी चिरते."

आम्ही या घरात 14 वर्षे राहत आहोत. मी 26 वर्षे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापे तपासत आलो, आणि हे मला दिसले नव्हते. पत्नीने दोन-तीनदा अंधुक दिसते म्हटले होते, तेव्हा आम्ही तिचा चष्मा बदलून आणला.

तांब्याचे सहावे चित्र स्वीकारले गेले, असे मुलीने सांगितले. ते तिने घरी आणले नव्हते, मी पुढच्या वेळी मागितले आहे.

ओळंबा सरांना एक विचारायचे आहे. फळीच्या खालच्या बाजूला एलईडी पट्टी लावली तर ही सावली जाईल का, आणि ती भिंतीच्या बाजूला लावावी की पुढच्या कडेला?

ओळंबा

सावली जाईल. पट्टी फळीच्या पुढच्या कडेजवळ लावा, म्हणजे उजेड ओट्यावर माणसाच्या हाताच्या समोरून येईल. भिंतीलगत लावली तर टाइल्स उजळतात आणि चिरण्याची जागा तुलनेने मंद राहते. फळीच्या कडेला खाली दीड-दोन इंचांची आडपट्टी ठोकावी लागेल, नाही तर दिवा थेट डोळ्यांत येईल. ती नेमकी किती खाली हवी हे वहिनींच्या उंचीवर अवलंबून आहे. मुलीला त्याच छेदात आईचा डोळा योग्य उंचीवर मांडून तेथून दिव्यापर्यंत रेष काढायला सांगा, आणि एक रेष आपल्या उंचीचीही काढायला सांगा, कारण ओट्याशी कधी आपणही उभे राहत असाल. दोन्ही रेषा पट्टीला अडल्या पाहिजेत. तो कागद येथे टाकलात तर सुताराला द्यायचे माप मी लिहून देतो.